संगणकविद्या आणि करुणा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुरवंडे येथे भरलेल्या सभेत एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी काही वक्ता नव्हे. माझी पस्तीस वर्षे मुलांना अंकगणित व बीजगणित शिकविण्यात गेली. फळ्याकडे तोंड व श्रोत्यांकडे पाठ करून बोलण्याचीच मला सवय. तथापि वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभा राहिलो आहे. जे सांगणार आहे त्यात विद्वत्ता थोडी आहे; परंतु ज्या गोष्टीने गेले वर्षभर माझी झोप मोडली आहे, ती आपणापुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

आपल्या मंडळीतील तरुण मुलेमुली आता संगणकाच्या कचेऱ्यांत कामाला जाऊ लागली आहेत. कोणी हिंजवडीस जातो, कोणी पुण्यास, कोणी मुंबईस. त्यांच्या आजोबांनी रेल्वेत हातोडा चालविला, वडिलांनी कारखान्यात पाळी केली. आणि ही मुले काचेच्या इमारतीत बसून अक्षरे टंकितात व त्यावर आमच्या तिप्पट वेतन मिळवितात. ह्यात मला विषाद नाही. उलट आनंदच आहे. परंतु एक प्रश्न मनात वारंवार उभा राहतो. ही विद्या माणसाचे मन कोणत्या दिशेला नेते? रात्रंदिवस यंत्राशी बोलणाऱ्याच्या अंतःकरणात माणसासाठी ओलावा उरतो, की तोही यंत्रासारखा कोरडा होतो? ह्या प्रश्नाचे उत्तर तर्काने न देता एका हयात व्यक्तीच्या चरित्राने द्यावे, असे मी योजिले आहे. त्या व्यक्ती म्हणजे श्रीमती सुधा मूर्ती.

आपणांपैकी पुष्कळांनी त्यांची पुस्तके मराठी भाषांतरातून वाचली असतील. कोणी म्हणेल की, ह्या बाई आपल्या धर्माच्या नव्हेत, आपल्या भाषेच्याही नव्हेत. त्यांची मातृभाषा कानडी. मग आपल्या महोत्सवात त्यांची कथा कशाला? ह्यावर माझे उत्तर असे की, शेजारी कोण, हा प्रश्न जेव्हा प्रभूला विचारण्यात आला, तेव्हा त्याने याजकाचा किंवा लेवीयाचा दाखला पुढे केला नाही. लोक ज्यांना परके समजत त्या शोमरोन्यांपैकी एकाला त्याने आदर्श म्हणून उभे केले. करुणेचा धडा परक्याकडून घ्यावयास गुरूच लाजला नाही, तर शिष्यांनी का लाजावे?

शिवाय ही कथा तितकी परकीही नाही. तिचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच पुणे जिल्ह्यात घडला आहे. सुधाबाईंचा जन्म १९५० साली उत्तर कर्नाटकातील शिग्गाव येथे झाला. वडील डॉक्टर होते. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, तेव्हा सगळ्या वर्गात मुलगी अशी त्या एकट्याच. नेहमी साडी नेसावी, उपाहारगृहात जाऊ नये, मुलांशी बोलू नये, अशा अटी त्यांना घालण्यात आल्या. त्या इमारतीत स्त्रियांसाठी शौचालयदेखील नव्हते. ही गोष्ट लहान वाटेल, पण आपण ती ध्यानात ठेवावी. कारण पुढे जेव्हा त्यांच्या हाती देण्याजोगे धन आले, तेव्हा त्यांनी हजारो शौचालये बांधविली. स्वतःच्या पायात जो काटा रुतला, तो दुसऱ्याच्या वाटेवरून उचलावा, ही बुद्धी फार थोड्यांना होते. बहुतेकांना आपला काटा निघाला की वाटेचा विसर पडतो.

पुढे बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी संगणकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. १९७४ साली तेथील फलकावर टेल्को कंपनीची जाहिरात लागली. हुशार व मेहनती अभियंते पाहिजेत, असे तीत लिहिले होते. आणि खाली एक ओळ होती की स्त्रियांनी अर्ज करू नये. ती ओळ वाचून त्या तरुणीला संताप आला. संताप सर्वांनाच येतो. त्याचे काय करावे, ह्यात मनुष्याची पारख असते. तिने एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि जे. आर. डी. टाटांच्या नावे लिहिले. ज्या टाटांनी ह्या देशात उद्योगाचा, शिक्षणाचा, विज्ञानाचा पाया घातला, त्यांच्या कारखान्यात स्त्री-पुरुष असा भेद कसा, एवढाच त्यातील प्रश्न होता.

उत्तरादाखल तार आली. मुलाखतीस पुण्यास यावे, जाण्यायेण्याचा खर्च कंपनी देईल. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका वृद्ध गृहस्थाने ममतेने समजाविले की कारखान्याच्या आवारात आजवर स्त्री कधी काम करीत नव्हती, म्हणून ती अट. तिने उत्तर दिले की कोठे तरी आरंभ केलाच पाहिजे. नाहीतर स्त्री कधीच तेथे पोहोचणार नाही. आणि टेल्कोच्या कारखान्यात नेमलेली ती पहिली स्त्री अभियंता ठरली. आपल्यापैकी जे लोणावळ्याहून लोकलने चिंचवड-पिंपरीस कामाला जात, त्यांना तो कारखाना सांगावयास नको. एका पैशाच्या रागाने रुपयाचे भांडण करण्याऐवजी तिने एका पोस्टकार्डाने एक दार उघडले, आणि ते आपल्यामागून येणाऱ्या मुलींसाठी उघडेच राहिले. शांती म्हणजे मूग गिळून बसणे, असा आपल्यात एक गैरसमज आहे. अन्यायाला अन्याय म्हणावयाचे, परंतु जो अन्याय करतो त्यालाही सुधारण्याची वाट ठेवावयाची, ह्याला मी शांती म्हणतो.

पुण्यातच त्यांची व श्री. नारायण मूर्ती यांची ओळख होऊन १९७८ साली विवाह झाला. टेल्कोनंतर पुण्यातील वालचंद उद्योगसमूहातही त्या संगणकविभागात अधिकारावर होत्या. १९८१ साली मूर्ती व त्यांचे सहा सहकारी यांनी पुण्यातच इन्फोसिस ह्या कंपनीची नोंदणी केली. भांडवल काय, तर सुधाबाईंनी पगारातून बाजूला टाकलेले दहा हजार रुपये. त्यांच्यापाशी दहा हजार दोनशे पन्नास होते. त्यांतले अडीचशे त्यांनी अडीनडीसाठी मागे ठेविले. आज हिंजवडीस त्या कंपनीचा जो विस्तार दिसतो, त्याच्या मुळाशी एका गृहिणीच्या पेटीतील ही रक्कम आहे. विधवेच्या दोन कवड्यांची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. पण दान असो वा भांडवल, त्याचे मोल मागे काय उरले ह्यावर ठरते, हे आपण किती वेळा ध्यानात घेतो?

टेल्को सोडून जाताना मुंबईस टाटांच्या कचेरीच्या जिन्यात त्यांची व जे. आर. डीं.ची भेट झाली. पती कंपनी काढीत आहेत, यश येईल की नाही ठाऊक नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा त्या वृद्ध उद्योगपतींनी जे सांगितले त्याचे तात्पर्य असे: आरंभ कधी शंकेने करू नये; आणि यश आले तर समाजाने जे दिले ते समाजाला परत करावे. ही भेट सुधाबाईंनी स्वतः लिहून ठेविली आहे. बी पडले ते त्या जिन्यावर. उगवावयास पुढे चौदा-पंधरा वर्षे लागली. १९९६ साली इन्फोसिस फाउंडेशन स्थापन झाले, आणि २०२१ च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत सुधाबाईंनी तेथे काम केले. शाळांतून ग्रंथालये, पूरग्रस्तांना घरे, रुग्णालयांना साहाय्य, अशी त्या कामाची व्याप्ती आहे. त्यांना २००६ साली पद्मश्री व २०२३ साली पद्मभूषण मिळाले. २०२४ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली. परंतु मानसन्मानांची यादी वाचण्यासाठी मी उभा नाही. ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले, ती आता सांगतो.

आपल्याच मंडळीतील एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी, संगणकाच्या कचेरीत काम करतो. त्याला मी एकदा विचारले, "बाबा, दिवसभर तू करतोस तरी काय?" तो म्हणाला, "गुरुजी, आम्ही यंत्राला सूचना लिहून देतो. यंत्र त्या सूचनेबरहुकूम चालते. आणि मग अर्धाअधिक वेळ आम्ही चूक शोधीत बसतो." मी विचारले, "यंत्राची चूक?" तो हसला. म्हणाला, "यंत्र बहुधा चुकत नाही, गुरुजी. आम्ही सांगतो तेच ते करते. आम्हांला म्हणावयाचे असते एक आणि लिहिलेले असते दुसरे. नवशिका असतो तो यंत्रावर चिडतो. जुना झाला की आधी स्वतःने लिहिलेली सूचना उघडून पाहतो."

बंधूंनो, मला त्या दिवशी असे वाटले की पस्तीस वर्षे गणित शिकवून जे मला उमगले नाही, ते ह्या पोराने सहज सांगितले. वर्गात मुलाला गणित येईना, की मी मुलाला मठ्ठ म्हणत असे. माझी शिकविण्याची रीत उघडून पाहण्याचे मला क्वचितच सुचले. आता ही कसोटी हाती घेऊन सुधाबाईंच्या पहिल्या कामाकडे पाहा.

फाउंडेशनचे काम हाती घेतल्यावर त्यांनी प्रथम देवदासींचा प्रश्न घेतला. देवाच्या नावाने सोडलेल्या ह्या मुलींचे पुढे काय होते, हे आपणांपैकी ज्यांचे आप्त कोल्हापूर-बेळगावकडे आहेत त्यांना ठाऊक आहे. सुधाबाई तरुण वेषात, डोक्याला टोपी घालून, हातात वही घेऊन त्या स्त्रियांकडे गेल्या. त्या स्त्रियांनी त्यांच्यावर चपला फेकल्या. त्या परतल्या. काही दिवसांनी पुन्हा गेल्या. ह्या वेळी टोमॅटो आले. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय म्हणालो असतो? "ह्यांचे भले करावयास जावे तर ह्या अंगावर येतात; ह्यांना सुधारावयाचेच नाही." आपल्या समित्यांतून हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे, आणि लाजेने सांगतो की स्वतःही उच्चारले आहे.

सुधाबाई रडत वडिलांकडे गेल्या. वडिलांनी मुलीचे सांत्वन केले, पण तिची बाजू घेतली नाही. तुझ्या वेषाकडे पाहा, म्हणाले. त्या स्त्रियांना तू आपली कशी वाटावीस? मग ती साडी नेसून, कुंकू लावून, पांढऱ्या केसांच्या वडिलांना बरोबर घेऊन तिसऱ्यांदा गेली. वडिलांनी पुढे होऊन लेकीची ओळख करून दिली, आणि ह्या वेळी सांगण्याऐवजी ऐकण्याला आरंभ झाला. चूक त्या स्त्रियांत नव्हती. चूक होती ती सूचनेत. आणि ती सूचना लिहिणारीने ती दुरुस्त केली. ज्या विद्येने मन कोरडे होईल अशी मला भीती वाटत होती, त्याच विद्येचा हा संस्कार आहे, असे मी मानतो. तिने मनुष्याला यंत्र समजले नाही. यंत्रापाशी जो नम्रपणा शिकावा लागतो, तो तिने मनुष्यापाशीही नेला.

त्यानंतर हे काम अठरा वर्षे चालले. अठरा वर्षे, हा आकडा मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो, कारण आपली सेवाभावाची लाट सहसा अठरा दिवसांत ओसरते. सुमारे तीन हजार स्त्रिया त्या धंद्यातून बाहेर पडल्या, मुले शाळेत गेली, आणि त्या स्त्रियांनी स्वतःची पेढी काढली. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्या एकमेकींना कर्ज देऊ लागल्या. मग त्यांनी सुधाबाईंना बोलावून एक पांघरूण भेट दिले. गोधडीसारखे शिवलेले, प्रत्येकीने त्यात एकेक टाका घातलेला. तीन हजार टाके. त्यावरूनच सुधाबाईंच्या एका पुस्तकाला नाव मिळाले. पहिल्या भेटीत मिळाल्या त्या चपला, शेवटच्या भेटीत मिळाली ती गोधडी. आणि देणारे हात बहुतांशी तेच.

आता माझी स्वतःची कबुली ऐका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी पावसाळ्याच्या तोंडावर जुने कपडे गोळा केले. धुतले, इस्त्री केले, गाठोडी बांधली, आणि डोंगराच्या अंगाच्या एका कातकरी वाडीवर नेऊन वाटले. छायाचित्रही काढले. पंधरा दिवसांनी मी त्या वाटेने गेलो, तो त्यांतले कोट आणि पाटलोणी कुडाच्या भेगांत कोंबलेल्या दिसल्या. मला राग आला. तिथे एक म्हातारी बसली होती, तिला मी बोललो. ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, कोट अंगात घालून आम्ही ओले झालो असतो. तो भिंतीत घातला म्हणून पोरं कोरडी राहिली. तुम्ही विचारलं असतं तर ताडपत्री मागितली असती." आणि मग पुढे जे म्हणाली ते अजून माझ्या कानात आहे: "तुम्ही आलात, दिलंत, गेलात. बसला नाहीत."

बंधुभगिनींनो, लोणावळ्याचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. चार महिने येथे भिंतीला बुरशी धरते, काडीपेटी पेटत नाही. त्या पावसात कातकऱ्याला काय लागते हे जाणण्यास पुस्तक नको होते. घटकाभर तेथे बसणे पुरे होते. मी बसलो नाही. माझ्या दानाची सूचनाच चुकीची होती, आणि मी यंत्रावर चिडलो.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. कोणी विचारील, धनवंतांच्या दानाची ही स्तुती कशासाठी? आधी घ्यावयाचे आणि मग थोडे परत करावयाचे, ह्यात थोरवी कोणती? शंका रास्त आहे, आणि ह्या मावळात ती विशेषच रास्त आहे. आपल्या लोणावळ्याच्या, वळवणच्या व शिरवत्याच्या तलावांचे पाणी १९१५ सालापासून खोपोलीस उतरून वीज करते. त्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे शेजारच्या मुळशीस टाटांच्या वीजयोजनेसाठी धरण बांधू लागले, तेव्हा जमिनी बुडालेल्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झाले, सत्याग्रही तुरुंगात गेले, शेते पाण्याखाली गेली. ज्या घराण्याच्या एका पुरुषाने समाजाला परत द्यावे असा उपदेश केला, त्याच घराण्याच्या उद्योगाचा हाही इतिहास आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि प्रामाणिक मनुष्याने दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

म्हणून मी म्हणतो की दान हा न्यायाचा मोबदला नव्हे. मजुराची मजुरी कापून देवळात मेणबत्ती लावणाऱ्याची मेणबत्ती उजेड देत नाही. आपल्या ह्या गावात बंगले उठले आहेत. त्यांत झाडलोट करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बायका आपल्याच ओळखीच्या आहेत. त्यांना वेळेवर व पुरता पगार देणे ही करुणा नव्हे. ते ऋण आहे. करुणेचा आरंभ ऋण फिटल्यानंतर होतो. ज्या तरुणांना आज चांगले वेतन मिळते, त्यांनी हे दोन हिशेब एका वहीत मिसळू नयेत, एवढी एका गणित-मास्तराची विनंती आहे.

दुसरी शंका अशी की, ज्याचे स्वतःचेच चित्त अशांत, तो दुसऱ्याला शांती काय देणार? हीही शंका खरी. ह्याच विद्येतील आणखी एक गृहस्थ ह्या प्रश्नाच्या मागे लागले. सिंगापुरात जन्मलेले चाड-मेंग तान हे गूगल कंपनीच्या आरंभीच्या काळातले अभियंते. २००७ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसाठी चित्त स्थिर करण्याचे व दुसऱ्याविषयी सद्भाव वाढविण्याचे वर्ग सुरू केले, २०१२ साली त्यावर पुस्तक लिहिले, आणि पुढे नोकरी सोडून जगात शांती वाढावी ह्याच कामाला स्वतःस वाहून घेतले. आपल्याला ह्याचे नवल वाटावयास नको. आपल्या लोणावळ्यातच १९२४ सालापासून कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी श्वास आणि चित्त यांचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. आणि आपल्या परंपरेत मौन, एकांत व आत्मपरीक्षण यांना किती मान आहे, हे तुम्हांला मी काय सांगावे? तान यांनी आतून बाहेर येण्याची वाट दाखविली; सुधाबाई बाहेरून आत गेल्या. डोंगरावर चढण्याच्या दोन वाटा असतात. कोणतीही धरा; मात्र पायथ्याशी बसून वाटांची चर्चा करीत राहू नका.

आणि डोंगराच्या वाटेचा विषय निघाला म्हणून, ज्या भूमीवर आपण आज बसलो आहोत तिची एक आठवण देतो. १६६१ सालच्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाने धाडलेला सरदार कारतलबखान मोठे सैन्य घेऊन ह्याच कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. खाली उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, प्यावयास पाणी नाही, असे त्या सैन्याचे झाले. रायबाघन नावाची शूर स्त्री त्या सैन्याबरोबर होती. तिने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने अभय मागितले. महाराजांच्या मुठीत त्या वेळी सारे सैन्य होते. एक शब्द उच्चारला असता तर त्या खिंडीतून कोणी जिवंत परतला नसता. महाराजांनी शस्त्रे व सामान ठेवून घेतले आणि माणसे सोडून दिली.

ही आपल्या गावाची कथा आपण मुलांना सांगतो, ती पराक्रमाची म्हणून. परंतु माझ्या मते त्या दिवशीचा मोठा पराक्रम शेवटचा होता. दुर्बळाला क्षमा करता येत नाही. तो फक्त सहन करतो. ज्याच्या हाती मारण्याचे बळ आहे आणि जो हात आवरतो, त्याच्यापाशी करुणा आहे असे म्हणता येते. आजच्या काळात बळ म्हणजे केवळ तलवार नव्हे. विद्या हे बळ आहे, वेतन हे बळ आहे, कचेरीत दुसऱ्याच्या अर्जावर सही करण्याचा अधिकार हे बळ आहे. ते ज्यांच्या मुठीत आले आहे, त्या आपल्या मुलांना मी हे सांगतो.

आता शेवटची आणि कदाचित अप्रिय गोष्ट. ह्या महोत्सवाच्या वर्गणीतून काय करावे, ह्यावर आपल्यात दोन तट पडले आहेत, हे गुपित राहिलेले नाही. कोणाला प्रवेशद्वारी दगडी कमान हवी. कोणाला पावसाळ्यासाठी गरिबांचा निधी हवा. कोणाला मुलांना रात्री अभ्यास करण्याची खोली हवी. शब्दाला शब्द वाढला, आणि गेल्या महिन्यात दोन सख्ख्या शेजाऱ्यांनी मिस्सानंतर एकमेकांस नमस्कार केला नाही. पन्नास वर्षांच्या महोत्सवात हे घडावे, ह्याचे मला फार वाईट वाटते. माझी झोप मोडली आहे ती ह्याच गोष्टीने.

मी कमानीच्या विरुद्ध नाही. आपल्या वाडवडिलांनी स्वतः दगड वाहून जे उभारले, त्याची खूण असावी, ही भावना पवित्र आहे. तिला हसणाऱ्यांनी आपली सूचना तपासावी. आणि कमान मागणाऱ्यांनीही तपासावी. मी एवढेच सुचवितो की, मत मांडण्यापूर्वी दोन्ही तटांतील दोन-दोन माणसांनी मिळून एकदा त्या वाडीवर जावे. गाठोडे नेऊ नये, वही नेऊ नये, छायाचित्र काढू नये. घटकाभर बसावे. काय लागते ते विचारावे, आणि ते सांगतील ते ऐकावे. मग येऊन ठरवावे. कमान ठरली तरी माझी हरकत नाही; पण ती त्यांच्याशी बोलून आलेल्या माणसांनी ठरविलेली असावी. आणि वाटेत चढ आहे. चौघे एकत्र चढतील तर निदान बोलू तरी लागतील.

मी यंदा जाणार आहे. ती म्हातारी आता नाही. परंतु तिची नातवंडे आहेत, आणि त्यांच्या छपराची स्थिती फारशी बदललेली नाही, असे ऐकतो. ज्यांना वेळ असेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर फाटकापाशी थांबावे. छत्री घ्यावी.

माझ्या बोलण्यात कोणास काही लागले असेल, तर ती चूक माझ्या सूचनेतील समजून क्षमा करावी.  पुढील पन्नास वर्षांचा उत्सव करतील ती आज पाळण्यात असलेली मुले. आपण कमान बांधली की नाही, हे ती कदाचित पाहतील. पण आपण एकमेकांशी कसे वागलो, ते त्यांना आपल्या वागण्यातूनच वारसा म्हणून मिळेल. इतके बोलून आपली रजा घेतो.